जमिनीच्या भावापेक्षा शेजार महत्त्वाचा

लहान शहरांत जमीन स्वस्त मिळते म्हणून उद्योग तिकडे वळतात, असं एका लेखात वाचलं. पुण्याजवळच्या आमच्या चाकणपुरतं तरी मला हे अपुरं वाटतं. आता इथे जमीन स्वस्त राहिलेलीच नाही, तरी नवा माणूस येतोच आहे.

मी भाड्याच्या गाळ्यात शीटमेटलचं जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांसाठी पत्र्याचे भाग बनवून देतो. रात्री पाळी चालू असताना डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तुटली, तर सकाळच्या आत ती दुरुस्त करून देणारा माणूस इथे चार गाळे सोडून सापडतो. धातू तापवून कडक करून देणारा हीट ट्रीटमेंटवाला जवळ, साचे-हत्यारं बनवणारी टूलरूम जवळ, आणि गिऱ्हाईकही जवळ. १९९९मध्ये बजाजचा कारखाना आला, २००९मध्ये फोक्सवॅगनचा. त्यांच्यामागून सुटे भाग करणारे आले आणि त्यांच्या आधाराने आमच्यासारखे. कांदा-बटाट्याचा बाजार तर त्याआधीपासूनचा, त्यामुळे व्यापार, उधारी, गाडीभाडं हे गावाला नवीन नव्हतं. ज्यांची जमीन गेली, त्यांच्यातल्या अनेकांनी खोल्या बांधल्या, टेम्पो घेतले, खानावळी काढल्या. बाहेरून आलेल्या कामगाराला पहिल्याच दिवशी राहायला जागा आणि जेवायला ताट मिळतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेला टेम्पो बघून जीव तुटतो. माल तयार असतो, गिऱ्हाईकाचा फोन येत असतो आणि गाडी जागची हलत नाही. माझी एक ऑर्डर अशीच गेली. रस्ता रुंद करा, आमचं बाकीचं आम्ही बघतो.