डिझाइनचा हिशेब मागणाऱ्यांनो, आधी वही तरी दाखवा

पुढच्या वर्षाचे बजेट ठरण्यापूर्वी डिझाइन विभागाने आपले व्यावसायिक मूल्य रुपयांत सिद्ध करावे, असा निरोप या वर्षात तिसऱ्यांदा आला आणि आता माझा संयम संपला आहे. एका मोठ्या वित्तसंस्थेत मी अकरा वर्षे हे काम करते आहे. या काळात स्वागतकक्षाची फरशी दोनदा उखडून नवी बसवली गेली आणि वार्षिक मेळावे समुद्रकाठच्या हॉटेलांत झाले. त्यांतून परतावा किती मिळाला, असे कोणी कोणाला विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

हिशेब द्यायला माझी ना नाही. संताप आहे तो हिशेबाची वही कुलपात ठेवून हिशेब मागण्याच्या या पद्धतीचा.

कर्जाच्या अर्जाचेच उदाहरण घ्या. पगारपत्रकाचा फोटो दोन एमबीपेक्षा मोठा असला की आमचे ॲप 'अवैध फाइल' एवढेच सांगून गप्प बसत असे. मी एक दिवस कॉल सेंटरमध्ये कानाला हेडफोन लावून बसले, तर तिथल्या मुलीला ही तक्रार इतकी पाठ झाली होती, की समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच ती 'सर, फोटो लहान करून पाठवा' असे म्हणत असे. त्यावर एका गृहस्थांनी अगदी काकुळतीने विचारले, "अहो ताई, लहान म्हणजे कसा? कागद तर खिशात मावेल एवढाच आहे." त्यांचे काय चुकले? एमबी म्हणजे काय हे त्यांना माहीत असावे, असे गृहीत धरणाऱ्या आमच्या शहाण्या लोकांचे चुकले.

आम्ही फोटो ॲपनेच आपोआप लहान करावा अशी सोय सुचवली, सात महिने बैठकांमध्ये तिचे कीर्तन केले, तेव्हा कुठे ती झाली आणि तसले फोन जवळपास थांबले. मग फायनान्सवाल्यांनी विचारले, "यातून नेमके किती रुपये वाचले?" आता बदलापूर्वी किती फोन येत होते हे कळल्याशिवाय किती कमी झाले ते कसे सांगणार? ती आकडेवारी दुसऱ्या विभागाची, तिच्यासाठी तिसऱ्या विभागाची परवानगी, आणि चार महिन्यांनी ती हाती आली तेव्हा हे सगळे फोन 'इतर' या एकाच रकान्यात कोंबलेले होते. दरम्यान पूर्ण भरलेल्या अर्जांची संख्या वाढली, तेव्हा श्रेय दिवाळीच्या ऑफरला गेले. पुढच्या तिमाहीत ती घसरली, तेव्हा मात्र 'नवीन डिझाइन लोकांच्या पचनी पडले नाही' असा शेरा इतिवृत्तात तातडीने आला.

वाईट डिझाइनची किंमत किती असते, हे बँकांच्या धंद्यातल्या माणसाने तरी विचारू नये. ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या वतीने तिच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचे होते, पण मुद्दल बँकेतच ठेवण्यासाठी तीन चौकटींवर खूण करावी लागते हे त्या जुनाट स्क्रीनवरून कळत नसल्यामुळे खूण एकाच चौकटीवर झाली आणि जवळपास ९० कोटी डॉलर निघून गेले. तीन जणांनी तो व्यवहार तपासला होता, आणि तिघांनाही तो बरोबरच वाटला. त्यातल्या सुमारे ५० कोटींसाठी बँकेला २०२२ पर्यंत कोर्टात झगडावे लागले. त्या स्क्रीनच्या सुधारणेचा प्रस्ताव आधी कोणी मांडला असता, तर त्यालाही 'परतावा किती' हेच विचारले गेले असते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

मॅकिन्झी या व्यवस्थापन सल्लागार कंपनीने २०१८ मध्ये ३०० कंपन्यांचा पाच वर्षांचा प्रवास तपासला, तेव्हा डिझाइनमध्ये सर्वांत पुढे असलेल्या चौथाई कंपन्यांची महसूलवाढ त्यांच्या क्षेत्रातल्या इतरांपेक्षा ३२ टक्के-बिंदूंनी जास्त निघाली. आमच्या बैठकीत हा आकडा मी दाखवला की 'पण आपला व्यवसाय वेगळा आहे' असे उत्तर मिळते, आणि तोच आकडा बाहेरच्या सल्लागाराने भरघोस फी घेऊन दाखवला की माना डोलतात. सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात ते खरे, पण इथे कान टोचून झाल्यावरही ऐकू काही येत नाही. त्याच अहवालात निम्म्याहून थोड्या अधिक कंपन्यांनी आपल्या डिझाइन चमूचे काम मोजण्याचे वस्तुनिष्ठ साधनच आपल्याकडे नसल्याचे कबूल केले आहे. ते पान मात्र सल्लागारांच्या सादरीकरणात कधी दिसले नाही.

बरे, आम्हाला बोलावतात तरी केव्हा? सॉफ्टवेअर लिहून, तपासून, उद्‌घाटनाची तारीख जाहीर झाल्यावर. वरातीमागून निघालेल्या या घोड्याला मग विचारले जाते, की लग्न जमण्यात तुझा वाटा किती टक्के?

शुक्रवारी पुन्हा सादरीकरण आहे. यावेळी मी आकड्यांऐवजी त्या गृहस्थांचा फोन सगळ्यांना ऐकवण्याची परवानगी मागितली होती. ती गोपनीयतेच्या कारणावरून नाकारण्यात आली. सोबत एक सूचनाही आली आहे, की सगळ्याच विभागांच्या स्लाइड्स जरा आकर्षक करून द्याव्यात, कारण डिझाइनवाल्यांना त्यात वेळ तो कितीसा लागणार.