जखमी ड्रायव्हरला परतीची तारीख विचारू नये

मोठा अपघात झालेला रेसिंग ड्रायव्हर अतिदक्षता विभागातून बाहेर येण्याआधीच ‘तो पुन्हा शर्यतीत कधी दिसणार?’ ही चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत पहिले नाव हमखास फॉर्म्युला वनचा विश्वविजेता निकी लाउडा याचे निघते. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग सर्किटवर त्याची फेरारी पेटली, तो मृत्यूच्या दारात जाऊन आला आणि १२ सप्टेंबरला इटलीतील मोंझाच्या शर्यतीत चौथा आला. या धैर्यापुढे मी आजही नतमस्तक आहे. तरीही मला स्पष्टपणे वाटते की, लाउडाचे उदाहरण मापदंड म्हणून वापरून आपण त्याच्यानंतरच्या प्रत्येक जखमी ड्रायव्हरवर अन्याय करत आलो आहोत.

लाउडाचा चेहरा आणि डोके भाजले होते, विषारी धुराने फुप्फुसांना इजा झाली होती. पण मोटार चालवण्यासाठी ज्या हातापायांची आणि पाठीच्या कण्याची गरज असते, ते शाबूत होते. शिवाय फेरारीने कार्लोस रॉयटमन या ड्रायव्हरला संघात घेतले होते आणि मोंझाला तोही तिसरी फेरारी चालवत होता, म्हणजे आपली जागा जाण्याची टांगती तलवार लाउडाच्या डोक्यावर होतीच. मोंझाच्या सरावात आपण भीतीने गारठलो होतो, हे त्याने पुढे स्वतःच मान्य केले. त्याच मोसमात जपानमधील फुजीच्या मुसळधार पावसात त्याने दोन फेऱ्यांनंतर मोटार बाजूला घेतली, तेव्हा भाजलेल्या पापण्यांमुळे त्याला डोळ्यांची उघडझापही नीट करता येत नव्हती. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद एका गुणाने गेले. ज्या पुनरागमनाचे आपण पोवाडे गातो, ते अर्धवट बरे झालेल्या माणसाने सक्तीपोटी केलेले पुनरागमन होते.

दुखापत कोणत्या अवयवाला झाली, यावर परतीची शक्यता किती अवलंबून असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. फॉर्म्युला वनची मोटार थांबवताना ब्रेकच्या पेडलवर शंभर किलोहून अधिक जोर द्यावा लागतो, वेगवान वळणावर डोके आणि हेल्मेट यांचा भार मानेला कित्येक पटींनी पेलावा लागतो आणि आपत्कालीन परिस्थितीत कॉकपिटमधून सात सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे, असा नियम आहे. सरळ मोडलेले हाड या सगळ्याला पुन्हा तयार होते. १९९९ साली सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरचा पाय मोडला, सहा शर्यती हुकल्या आणि परतल्यावर मलेशियात त्याने थेट पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीच्या रांगेतील पहिली जागा, मिळवली. पण चुरडलेल्या पावलांचे गणित वेगळे असते. ऑगस्ट १९८८ मध्ये ब्रँड्स हॅचला जॉनी हर्बर्टच्या पायांची दुर्दशा झाली होती आणि तरी पुढच्या मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, तो बेनेटन संघाची मोटार घेऊन उतरला व चौथा आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिथे जोरकस ब्रेक लावावे लागतात अशा सर्किटवर मात्र ते पाय साथ देईनात आणि मोसमाच्या मध्यावरच त्याची जागा गेली. याच हर्बर्टने पुढे १९९५ मध्ये दोन आणि १९९९ मध्ये एक ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, जिंकली. त्याच्यातला वेग अपघातात गेला नव्हता. त्याला पुरेसा वेळ मिळाला नव्हता, इतकेच.

या विषयावर बोलताना रॉबर्ट कुबिकाबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हॅलेन्सियाला झालेल्या फॉर्म्युला वनच्या चाचणीत तो सर्वांत वेगवान ठरला होता आणि २०१२ साठी फेरारीशी त्याचा करार झाला होता, हे त्यानेच अनेक वर्षांनी सांगितले. चाचणीनंतर काही दिवसांतच, ६ फेब्रुवारीला, इटलीतील एका छोट्या रॅलीत रस्त्याकडेचा लोखंडी कठडा त्याच्या मोटारीत घुसला आणि उजवा हात कोपराखाली जवळजवळ तुटला. हात वाचवण्यासाठी सात तास शस्त्रक्रिया चालली. पुढे बर्फावरून घसरून पायही पुन्हा मोडला. २०१२ च्या उत्तरार्धात तो रॅलीत उतरला, २०१३ मध्ये जागतिक रॅलीच्या दुसऱ्या गटाचा विजेता झाला, आणि लोक विचारू लागले की, रॅली चालवता येते तर फॉर्म्युला वन का नाही?

याचे उत्तर कॉकपिटच्या रुंदीत आहे. रॅलीच्या मोटारीत कोपर बाहेर काढायला, खांदा फिरवायला जागा असते, त्यामुळे मनगट आणि पुढचा हात वळत नसला तरी ती कसर खांद्यावर भरून काढता येते. फॉर्म्युला वनच्या एकासनी मोटारीत मात्र दोन्ही दंड अंगाशी घट्ट बसतात आणि स्टिअरिंग वळवण्याचे काम नेमके पुढच्या हातालाच करावे लागते, जे कुबिकाच्या उजव्या हाताला जमत नव्हते. शेवटी बहुतेक भार डाव्या हातावर टाकण्याची सवय त्याने स्वतःला लावून घेतली. ऑगस्ट २०१७ मध्ये हंगेरोरिंगच्या चाचणीत त्याने एका दिवसात १४२ फेऱ्या मारल्या, म्हणजे एका शर्यतीच्या दुपटीहून अधिक. २०१९ साली, आठ वर्षांच्या खंडानंतर, विल्यम्स संघाकडून तो पुन्हा ग्रां प्रीच्या रांगेत उभा राहिला.

त्या मोसमाचे आकडे लपवण्यात अर्थ नाही. पात्रता फेऱ्यांमध्ये सहकारी जॉर्ज रसेलने त्याला एकवीसपैकी एकवीस वेळा मागे टाकले. मोटार रांगेतील सर्वांत संथ होती हे खरे, पण दोघांचीही मोटार तीच होती. दुसरीकडे, विल्यम्सला त्या वर्षी मिळालेला एकुलता एक गुण हॉकेनहाइमला कुबिकानेच मिळवला. अनेकांनी त्या वर्षावरून ‘प्रयत्न फसला’ असा निकाल दिला. मला तो निकाल घाईचा वाटला आणि जून २०२५ मध्ये ये यिफेई व फिल हॅन्सन यांच्यासोबत फेरारी ४९९पी घेऊन त्याने ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तेव्हा माझे मत पक्के झाले. बंद कॉकपिट, लांब पल्ला, मोटार जपत वेग टिकवण्याचे कसब: त्याचे जे शाबूत राहिले होते, त्याला साजेशी शर्यत त्याला मिळाली. या प्रवासाला अपघातापासून चौदा वर्षे लागली.

हाडे आणि नसा यांच्यापेक्षा अवघड प्रश्न मेंदूचा असतो, कारण तो क्ष-किरणांत दिसत नाही. १९६२ साली इंग्लंडमधील गुडवुड सर्किटवर ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसचा अपघात झाला, तो महिनाभर बेशुद्ध होता आणि शरीराची एक बाजू काही महिने लुळी होती. मे १९६३ मध्ये त्याच सर्किटवर त्याने एकट्याने चाचणी घेतली. वेग तसा वाईट नव्हता. पण पूर्वी जे आपोआप घडायचे, ते आता विचार करून करावे लागते, असे त्याच्या लक्षात आले आणि त्याने त्याच दिवशी निवृत्तीचा निर्णय घेतला. वळण कुठे सुरू होते, ब्रेक कधी सोडायचा, आरशात कोण आले, हे सारे चांगला ड्रायव्हर एकाच वेळी आणि नकळत करतो. त्यातले एकेक काम जाणीवपूर्वक करावे लागले की, वेळ तीच येऊनही शर्यतीसाठी मन शिल्लक उरत नाही. मॉसने स्वतःला इतक्या प्रामाणिकपणे तपासले याचे मला फार अप्रूप आहे. मात्र आपण तो निर्णय फार लवकर घेतला, असे त्यालाच पुढे वाटत राहिले. मेंदू हळूहळू सावरतो आणि एका वर्षातले उत्तर तीन वर्षांनंतर तेच राहील असे नसते.

फेलिपे मासाचे उदाहरण म्हणूनच सावधपणे पाहावे लागते. २००९ मध्ये हंगेरीत समोरच्या मोटारीतून उडालेली स्प्रिंग त्याच्या हेल्मेटवर आदळली आणि पुढच्या मोसमाच्या पहिल्या शर्यतीत तो दुसरा आला. त्यानंतर त्याने एकही ग्रां प्री जिंकली नाही, हे लोक लगेच सांगतात. पण अपघाताला बरोबर एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, २५ जुलै २०१० रोजी, हॉकेनहाइमला तो आघाडीवर असताना संघाच्या सूचनेवरून त्याने सहकारी अलोन्सोला पुढे जाऊ दिले, हे सांगायचे विसरतात.

आता पाय गमावलेल्या किंवा अर्धांगवायू झालेल्या ड्रायव्हरांविषयी. इथे पुनरागमन शरीराइतकेच नियमांवर आणि यंत्रावर अवलंबून असते. २००१ मध्ये दोन्ही पाय गमावलेल्या अॅलेक्स झनार्डीने खास बदल केलेल्या बीएमडब्ल्यूतून २००५ साली जागतिक टूरिंग कार स्पर्धेतील शर्यत जिंकली. बिली मंगरने सतराव्या वर्षी दोन्ही पाय गमावले, त्याच्या निमित्ताने एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेने एकासनी मोटारींबाबतचा नियम बदलला आणि २०१९ मध्ये त्याने फ्रान्समधील पो येथील शर्यत जिंकली. २०१८ मध्ये अमेरिकेतील पोकोनोच्या शर्यतीत मज्जारज्जूला इजा झालेला रॉबर्ट विकन्स २०२२ मध्ये हातांनी ब्रेक व थ्रॉटल चालवता येणाऱ्या ह्युंदाईतून परतला. ती मोटार अशी बांधली होती की, ड्रायव्हर बदलताच सहकारी नेहमीची पेडल्स वापरू शकत होता. पुढच्याच वर्षी विकन्सने सहकाऱ्याच्या साथीने आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. असा संघ आणि असे अभियंते लाभले नसते, तर विकन्सची जिद्द तेवढीच असूनही तो घरीच बसला असता.

संघांकडून माझी अपेक्षा साधी आहे. जखमी ड्रायव्हरचा करार पहिल्याच मोसमात गुंडाळू नये, परतीची तारीख वृत्तपत्रांना देऊ नये आणि चाचणी एकदाच न घेता काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घ्यावी, तीही पत्रकारांविना. डॉक्टरांनी ‘हाड जुळले’ म्हणणे आणि ड्रायव्हरने ‘मी तयार आहे’ म्हणणे यांत बराच काळ जाऊ द्यावा. त्यातूनही जुनी मोटार जमत नसेल, तर दुसऱ्या प्रकारच्या शर्यतीचा पर्याय संघाने स्वतःहून पुढे ठेवावा आणि तो खालचा मानू नये. चाहत्यांनी निदान एवढे करावे की, पुढच्या वेळी कुणी रुग्णालयात असेल, तेव्हा लाउडाच्या सहा आठवड्यांचा हिशेब त्याच्यापुढे मांडू नये.