‘परदेशी एक्स्चेंजवर नाव गुप्त राहते’ या संदेशाबाबत खुलासा

जळगाव-भुसावळकडील व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: सरकारने क्रिप्टोवर (बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांवर) बंदी घातली असून पैसे परदेशी एक्स्चेंजवर (अशा चलनांच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या मंचावर) हलवल्यास नाव कुणालाही कळत नाही. गेल्या आठवड्यात मीही तो आमच्या केळी उत्पादकांच्या गटावर पुढे पाठवला. ती चूक माझी.

बंदी नाही. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने एक्स्चेंज मनी लाँडरिंग (काळा पैसा पांढरा करणे) प्रतिबंधक कायद्याखाली आले. त्यामुळे भारतीय ग्राहकांना सेवा देणाऱ्या परदेशी एक्स्चेंजनाही फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे) नोंदणी करून ग्राहकांची ओळख तपासावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्ससह ९ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, त्या याच अटी न पाळल्याबद्दल.

गुप्ततेचे म्हणाल, तर बिटकॉइनच्या नोंदवहीत नाव नसते, अक्षर-आकड्यांचा लांबलचक पत्ता असतो, हे खरे. परंतु ती वही चावडीवर उघडी ठेवल्यासारखी आहे. मी स्वतःचा जुना पत्ता मोबाइलवर शोधला, तेव्हा व्यवहाराची रक्कम, तारीख आणि वेळ मिनिटासकट समोर आली. तो पत्ता एखाद्या एक्स्चेंजमधील खात्याशी जुळला, की पुढे पॅन क्रमांकापर्यंत पोहोचणे तपास यंत्रणेला अवघड नाही.

मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा द्यावा.