तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तो कशाने?

ताई, एवढं मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑफिसातून सिंहगड रोडची गर्दी कापत घरी यायचं, तापाचं पोर घेऊन दवाखान्यात ताटकळायचं, आणि डॉक्टर शेवटी तेच अँटिबायोटिक लिहून देणार. मग मागच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणलं तर बिघडलं कुठे? मुलगा तिसऱ्या दिवशी खेळायला लागला. उगीच आयांना घाबरवू नका, असंही तुम्ही बजावलंत.

तुमची दमछाक खरी आहे. साध्या सर्दीलाही अँटिबायोटिक लिहिणारे डॉक्टर आहेत, हेही खरं, आणि त्यांचं मला अजिबात पटत नाही. पण औषधाने गुण आला, हे कशावरून? मुलांचा सर्दी-खोकल्याचा ताप बहुतेक वेळा विषाणूंचा असतो आणि तीन-चार दिवसांत आपसूक उतरतो. विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही, ते जिवाणूंवरचं औषध. बरं केलं त्याच्या शरीराने, श्रेय गेलं बाटलीला. म्हणून पुढच्या तापालाही तीच बाटली घरात येते.

त्या बाटलीवरचा बारीक मजकूर जरा वाचा. अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं पातळ औषध 5 मिलीत 100 मिलिग्रॅमचं मिळतं, तसंच 200 चंही. नाव तेच, चमचा तोच, डोस दुप्पट. डॉक्टर मुलाचं वजन बघून डोस काढतात. जुनी चिठ्ठी जुन्या वजनाची, आणि जुन्या आजाराचीही.

मला खरी धास्ती टायफॉइडची वाटते. ताप त्याचा निघाला आणि घरी आधीच दोन दिवस अँटिबायोटिक पाजलेलं असलं, तर रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जिवाणू बरेचदा सापडत नाहीत. मग कुठलं औषध लागू पडेल, हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागतं. कमी मात्रेने जंतू निर्ढावतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल व्याख्यानातच सांगितलं होतं. आपल्या पिंपरीत पेनिसिलिन तयार व्हायला लागलं ते त्यानंतर, 1955 साली!

मेडिकलवाल्याने काही विचारलं नाही, म्हणता. विचारायला हवं होतं. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स 2014 पासून 'शेड्यूल एच-वन' या कायद्यातल्या औषधांच्या यादीत आहेत. चिठ्ठी बघून डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहिणं दुकानदाराला बंधनकारक आहे.

पोर ताप असूनही खेळतंय, पाणी पितंय, तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या आणि डॉक्टरांना फोन करा. दवाखान्यात गेलात की 'हे जिवाणूंचंच आहे, कशावरून?' असं बेधडक विचारा. मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, किंवा मूल पाणीसुद्धा घेईना, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर थांबू नका. मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा त्याहून जास्त भरले, तर रात्र असली तरी निघा.