मालिका लांबली याचा राग नाही, शेवटाचं काय ते सांगा

फॅन्टसी वाचणारी चार माणसं जमली की दोन वाक्यं हमखास येतात. एक, "व्हील ऑफ टाइम ना? सातव्या-आठव्या भागानंतर नुसतं पाणी घातलंय, सोडून दे." आणि दुसरं, "शेवटचे तीन भाग काय खरे जॉर्डनचे नाहीतच." (व्हील ऑफ टाइम ही रॉबर्ट जॉर्डनची चौदा भागांची फॅन्टसी मालिका, तो गेल्यावर शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसनने पूर्ण केले.) ही वाक्यं म्हणणाऱ्यांत माझे अगदी जवळचे मित्रमैत्रिणी आहेत, पण मला पहिलं वाक्य अर्धंच पटतं आणि दुसरं अजिबात पटत नाही. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते. पोस्ट लांब आहे आणि पुढे स्पॉयलर आहेत, वाचायची बाकी असेल तर इथेच थांबा.

आधी त्या पाणी घालण्याबद्दल. रॉबर्ट जॉर्डनचा पहिला भाग १९९० ला आला. सुरुवातीला म्हणे तीन पुस्तकांत आटपायचा विचार होता, झाले चौदा, शिवाय एक प्रीक्वेल, म्हणजे मालिकेच्या आधीची गोष्ट. पहिले सहा भाग १९९४ पर्यंत आले, म्हणजे जवळजवळ दरवर्षी एक, आणि मग वेग मंदावला. आठवा १९९८, नववा २०००, दहावा २००३. नवव्याच्या शेवटी नायक रँड जे करतो (पुरुषांच्या जादूला लागलेली कीड धुऊन काढतो, अख्ख्या मालिकेतल्या सगळ्यात मोठ्या घटनांपैकी एक) ते वाचून लोक दोन वर्षांहून जास्त थांबले, आणि दहावा भाग हातात आला तर त्यातला मोठा हिस्सा काय, तर त्याच वेळी बाकीची मंडळी कुठे होती आणि त्यांना लांबून काय जाणवलं! वर २००४ मध्ये पुढचा भाग यायच्या ऐवजी प्रीक्वेल. ज्यांनी तेव्हा दुकानात जाऊन हार्डकव्हर विकत घेतली त्यांचा संताप शंभर टक्के योग्य होता आणि आजही आहे. मधल्या दोन-तीन भागांना कडक कात्री हवी होती हे मीही म्हणते. नायनीव्ह वेणी ओढते, बायका स्कर्ट सारखे करतात, सिंहासनाच्या राजकारणात एलेनच्या आंघोळी, हे किती वेळा वाचायचं माणसाने.

पण मग आज वाचणाऱ्याने तोच राग उसना का घ्यायचा? तुमच्याकडे सगळे चौदा भाग आहेत, दहावा संपला की त्याच रात्री अकरावा उघडता येतो. थांबण्याचा त्रास वेगळा आणि पुस्तक वेगळं, ही गल्लत फार होते. दहाव्यातच रँडचा मित्र पेरिन याचा तो प्रसंग आहे. बायकोला पळवून नेलंय, फौजेला खायला काही नाही, धान्य आणायला एका गावात जातो तर तिथल्या धान्यात किडे, आणि गावात मेलेली माणसं फिरताना दिसतायत. मग तो परत येतो आणि पकडलेल्या शत्रूला बोलतं करायला कुऱ्हाडीने त्याचा हात तोडतो. हा तोच पोरगा आहे ज्याला पहिल्या भागापासून स्वतःच्या ताकदीचीच भीती वाटते. हात तोडून झाल्यावर तो ती कुऱ्हाड झाडात मारतो आणि तिथेच सोडून निघून जातो. मी पुस्तक मिटून तशीच बसून राहिले होते. बायकोसाठी वाट्टेल ते करीन असं म्हणणारी पात्रं ढिगाने वाचली आहेत, पण ते 'वाट्टेल ते' झाल्यावर माणसाच्या आत काय होतं हे इतक्या थंडपणे लिहिलेलं फार कमी वाचलंय. आणि लोक म्हणतात या भागात काही घडतच नाही.

आता दुसरं वाक्य, ज्याच्यासाठी खरं तर ही पोस्ट आहे.

२००६ मध्ये जॉर्डनने स्वतः वाचकांना सांगितलं की त्याला अमायलॉइडोसिस झालाय, हृदयाला धरलेला दुर्मिळ आजार. १६ सप्टेंबर २००७ ला तो गेला, ५८ वर्षांचा होता. अकरावा भाग २००५ ला आला होता, शेवटचा लिहायचा राहिला होता. या मधल्या काळात त्याने जे केलं त्याबद्दल मला त्याच्याविषयी जो आदर आहे तो कुठल्याही पुस्तकामुळे नाहीये. त्याने घरच्यांना बसवून पुढची गोष्ट सांगितली, टिपणं होती, काही प्रसंग लिहून ठेवले, काही बोलून रेकॉर्ड केले, अगदी शेवट काय आहे तो सुद्धा स्वतः लिहून ठेवला. म्हणजे माणूस मरणाच्या दारात आहे आणि त्याला काळजी कसली, तर वीस वर्षांपूर्वी सुरू केलेली गोष्ट लोकांपर्यंत पूर्ण पोचेल ना याची.

आणि मग हॅरिएट मॅकडूगल. त्याची बायको आणि त्याची संपादकसुद्धा, तीच. नवरा गेल्यावर काही दिवसांत तिच्या वाचनात एका तरुण लेखकाने जॉर्डनला वाहिलेली श्रद्धांजली आली, तो ब्रँडन सँडरसन, तेव्हा त्याची मोजकीच पुस्तकं आली होती. तिने त्याला फोन केला, त्याचं पुस्तक वाचलं आणि ती सगळी टिपणं त्याच्या हातात दिली. कल्पना करा राव, स्वतःच्या दुःखात असताना नवऱ्याचं आयुष्यभराचं काम परक्या माणसाला द्यायचं, आणि नुसतं देऊन मोकळं व्हायचं नाही, तर पुढची पाच वर्षं त्याची पानं तपासत बसायचं. एकाच पुस्तकात संपणार म्हणून जॉर्डन हटून बसला होता, ते एवढं मोठं झालं की तीन पुस्तकं काढावी लागली, २००९, २०१० आणि जानेवारी २०१३.

सँडरसनचा मॅट (रँडचा दुसरा मित्र) त्याच्या पहिल्या पुस्तकात, 'द गॅदरिंग स्टॉर्म' मध्ये, फसलाय, मान्य. त्याचे विनोद ओढूनताणून वाटतात, जॉर्डनचा मॅट स्वतःला शहाणा समजायचा आणि त्यातून हसू यायचं, इथे तो जोक मारायला उभा राहतो. वाक्यं आखूड झाली, वर्णनं कमी झाली, तेही दिसतं. पण त्याच 'द गॅदरिंग स्टॉर्म' मध्ये रँडच्याच गावची एग्वेन व्हाइट टॉवरमध्ये, म्हणजे जादू करणाऱ्या बायकांच्या संस्थेत, कैदेत असताना मार खात खात, जवळजवळ जादू न वापरता त्या अख्ख्या संस्थेला आतून वाकवते, आणि शेवटी रँड डोंगरमाथ्यावर एकटा उभा राहून सगळं जगच संपवून टाकायच्या विचारात असतो, की हे चाक फिरतच राहणार, पुन्हा जन्म, पुन्हा तीच लढाई, कशाला? आणि त्याला उत्तर मिळतं ते असं की पुन्हा जन्म मिळतो कारण पुन्हा प्रेम करायची संधी मिळते. आपल्याकडे मोक्ष नको, खुशाल पुन्हा जन्माला घाल असं तुकोबा देवाला म्हणून बसलेत, ते ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे पान परकं वाटूच शकत नाही. मला तरी नाही वाटलं. आणि अगदी शेवटचं प्रकरण बरंचसं जॉर्डनच्या हातचं आहे. मग "खरे नाहीत" म्हणजे काय नेमकं?

म्हणून माझं मोजमाप एवढंच आहे. किती वर्षं लागली यावरून मी लेखकाला बोलणार नाही, पण शेवटाचं काय करणार हे वाचकाला सरळ सांगायची जबाबदारी त्याची आहेच. विनोदी फॅन्टसी लिहिणाऱ्या टेरी प्रॅचेटने उलट केलं. तो २०१५ मध्ये गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे २०१७ मध्ये त्याची हार्ड डिस्क स्टीमरोलरखाली चिरडली, अर्धवट पुस्तकं गेली. वाईट वाटलं, पण तेही स्पष्ट होतं, आणि त्याच्या डिस्कवर्ल्डच्या ४१ कादंबऱ्यांतली जवळजवळ प्रत्येक आपली आपण पूर्ण आहे, आपल्या धारपांच्या समर्थकथा कुठलीही उचलून वाचता येते तसं. कुणाला अधांतरी ठेवलं नाही. लेखिका रॉबिन हॉबने १९९५ ला सुरू केलेली फिट्झ या नायकाची गोष्ट २०१७ ला संपवली, सोळा पुस्तकं झाली त्या जगाची, आणि तिच्याबद्दल लोक इतकं कमी बोलतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

जॉर्ज मार्टिनचं ('गेम ऑफ थ्रोन्स' ही सीरियल ज्याच्या पुस्तकांवरून आली तो) मात्र दुखतं. २००५ च्या चौथ्या भागाच्या शेवटी टीप होती की उरलेली पात्रं पुढच्या वर्षी भेटतील अशी आशा आहे. पाचवा आला २०११ ला. सहाव्याची वाट अजून चालू आहे, आणि मधल्या काळात सीरियल पुढे जाऊन २०१९ मध्ये संपलीसुद्धा. त्याच्या वयावरून, तब्येतीवरून जे लोक घाणेरडं लिहितात त्यांची मला चीड येते, कुणाच्या मरणाचा हिशोब मांडायचा हक्क पुस्तक विकत घेतल्याने मिळत नाही. त्याने लिहिलेली पाच पुस्तकं आहेत आणि तिसरं तर अफाट आहे. पण "लेखक वाचकाचं काही देणं लागत नाही" हे जे त्याच्या बाजूने बोललं जातं तेही मला मान्य नाही. माणसं कॉलेजात असताना सुरू करतात, त्यांची मुलं कॉलेजात जातात. निदान एवढं सांगा की जमत नाहीये. राग येईल, पण निदान वाट बघणं थांबेल. पॅट्रिक रॉथफस या फॅन्टसी लेखकाच्या मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकाचंही तेच, दुसरं २०११ ला आलं आणि तिथेच थांबलंय.

तर जे व्हील ऑफ टाइममध्ये मध्येच अडकलेत त्यांना माझं एकच सांगणं. आठ, नऊ, दहा चाळत वाचा, एलेनच्या सिंहासनाची पानं भराभर उलटा हवं तर, पण पेरिनची कुऱ्हाड सोडू नका आणि नवव्याचा शेवट सोडू नका. अकरावा आजारपणाआधीचा आहे आणि त्यात जॉर्डन पुन्हा पूर्ण फॉर्मात आहे, तिथे एकदा पोचलात की पुढे कुणी ढकलायची गरज पडणार नाही. प्रीक्वेल पाचव्यानंतर कधीही चालेल, सगळ्यात आधी मात्र नको.

आणि ज्यांनी सगळे चौदा वाचलेत त्यांनी कमेंटमध्ये सांगा, मॅट सोडून सँडरसनचं नेमकं काय खटकलं. पानासकट सांगा, मी पुस्तकं जवळ घेऊनच बसलेय.