काका, ते स्टेशन बंद झालंय

थंडी पडली की आमच्या घरच्या ग्रुपवर ते बर्फातलं स्टेशन येतंच. खालचा मजकूरही ठरलेला: जपानमध्ये एका मुलीच्या शाळेसाठी रेल्वे चालवतात, नाहीतर आपल्याकडे! मग काका मला हाक मारतात. मी जपानमध्ये, साप्पोरोत राहतो, म्हणजे ती गाडी जणू मीच हाकतो.

तर काका, फॉरवर्डमध्ये स्टेशनचं नाव असतं कामी-शिराताकी. मुलगी चढायची क्यू-शिराताकीला, होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावरच्या त्याच सेकिहोकु रेल्वेमार्गावर. सकाळी एंगारू गावाकडे जाणारी एकच गाडी तिथं थांबायची, परतीला तीन. २६ मार्च २०१६ ला नवं वेळापत्रक आलं आणि क्यू, कामी, शिमो अशी तिन्ही शिराताकी बंद झाली. इथलं शालेय वर्ष मार्चमध्येच सरतं, तिची शाळाही तेव्हाच संपली. गाडी काही तिच्यापुरती नव्हतीच. ती आजही त्याच रुळांवरून जाते, फक्त थांबत नाही.

असली स्टेशनं मी पाहिलीत. माणूस नाही, तिकीटखिडकी नाही. लाकडी खोलीत बाकावर कुणीतरी घरी शिवलेल्या उशा, कोपऱ्यात बर्फ ओढायचं फावडं, दोरीला बांधलेली वही. येणारा जाणारा तिच्यात दोन ओळी खरडतो. भिंतीवरचं वेळापत्रक बहुतेक कोरंच. एका डब्याची गाडी येते. मागच्या दाराने चढायचं, नंबरची चिठ्ठी घ्यायची, उतरताना चिठ्ठी आणि सुटे पैसे ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचे. कंडक्टर नाहीच. पहिल्या खेपेला मी चिठ्ठी घ्यायलाच विसरलो होतो. ड्रायव्हरने कुठून बसलात एवढंच विचारलं आणि माझ्या शब्दावर पैसे घेतले.

हे सगळं गोड आहे, पण रेल्वे हिशेबाने चालते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये होक्काइदोच्या रेल्वे कंपनीने सांगून टाकलं की जवळपास निम्मं जाळं आम्हाला एकट्याने पेलणार नाही. त्यानंतर युबारीचा फाटा गेला, रुमोईची गाडी गेली. गावात पोरंच उरली नाहीत, तिथं कुणासाठी थांबायचं?

काका, आपल्याकडे नेमकं उलटं आहे, आणि मला राग येतो तो त्याचाच. पोरं आहेत, फाट्यावर उभी आहेत. शिवाय मुक्कामी एसटी ही आपलीच पद्धत. रात्री गाडी गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पाठ टेकायचे, सहाला हॉर्न वाजला की अख्खं गाव जागं. तुमचीच कॉलेजची वर्षं त्या गाडीत गेली ना? तिला कुणी फॉरवर्ड केलं नाही. ती बंद झाली तेव्हा ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही, मीसुद्धा नाही. मुलींना मोफत पास मिळतो, चांगलंच आहे. पण पासावर बसून शाळेत जाता येत नाही. ‘जपानी माणसाला काळीज आहे’ म्हणत बसण्यापेक्षा सकाळची गाडी किती वाजता सुटते एवढंच विचारा, प्रत्येक ग्रामसभेत.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. काकांनी अंगठा दाखवला. खालोखाल भाचीचा मेसेज: आज पण वडाप जीपनेच आले, वीस रुपये गेले, पास दप्तरात होता.