एका पानापुरतं सांगितलं, तर एका पानापुरतंच ठेवा!

परत तेच! पहिलं पान लेटरहेडच्या ट्रेमधून, सातवं पान तेवढं आडवं, बाकी साधं. मागणी एवढीच. डॉक्युमेंटचं पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत रूपांतर, करणारा आमचा ट्रान्सलेटर प्रोग्राम मी सांभाळतो, म्हणून हे दुखणं दर आठवड्याला माझ्याच टेबलावर येतं. कुणीतरी आडव्या पानाची आज्ञा दोन पानांच्या मधेच सोडून दिलेली असते. सगळं ओळीने छापलं तर ठीक. पण गिऱ्हाइकाने फक्त ७ ते ९ पानं मागितली की सातवं उभं येतं, तक्त्याचे शेवटचे दोन रकाने कापून! अहो, डीएससीचे, म्हणजे पोस्टस्क्रिप्ट फाइलच्या मांडणीचे, नियम याचसाठी आहेत ना? पानाची मागणी त्याच पानाच्या पेज सेटअपमध्ये, म्हणजे पानाच्या सुरुवातीच्या तयारीच्या भागात, लिहा, म्हणजे पानं कशीही उलटीपालटी करा, बिघडत नाही.

त्यात सेटपेजडिव्हाइस, म्हणजे ट्रे, कागद असल्या सेटिंग बदलणारी आज्ञा, पानाच्या मधेच उशिरा बोलावलं तर तोवर काढलेलं सगळं पुसलं जातं. परवा करारपत्राचं एक पान तसंच आलं. वर कोरं, खाली नुसती सही! सही करणाऱ्या माणसाला काय सांगायचं? आणि काम झाल्यावर जुनी सेटिंग परत आणायचं तर कुणाच्या ध्यानातच नसतं. आठव्या पानापासून पुढचा अख्खा गठ्ठा आडवा!